कंपनीचं पत्र

पोर्तुगालच्या व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागत होतं. ते आलं तेव्हा मी कागद जुळवायला अमळनेरला घरी आले होते. माझ्या वडिलांनी, आबांनी, पत्र उलटसुलट करून पाहिलं. "इंग्रजी आहे. मराठीत सांग बरं काय लिहिलंय."

मी हौसेनं वाचायला लागले. "ज्योत्स्ना पाटील चार वर्षांपासून आमच्याकडे आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून ऑफिसात यावं लागत नाही. त्या कुठूनही काम करू शकतात."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय वाचलं. गेल्या वर्षी आई जाण्याआधी आठ महिने अंथरुणावर होती, आणि मी पुण्याहून दर फोनला सांगत होते, "ऑफिसात रोज जावं लागतं गं, रजाच मिळत नाही."

"आबा..."

आबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घालून फाइलीत ठेवलं.

"तुझी आई हेच म्हणायची, 'पोरीचं काम घरूनबी चालतं, तिलाच यायचं नाही.'" ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी ओरडलो तिच्यावर, पोरीवर आळ घेऊ नको म्हणून. त्यानंतर तिनं तुझं नावच काढलं नाही."