जीपमधला टेप

जीपमध्ये टेप बसवल्यापासून रोज सकाळी बॅटरी उतरलेली असे. रामाजीने फ्यूज बदलला, अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली, तरी दोष सापडेना. बेला गावच्या पारावरची माणसं मात्र हसत हसत धक्का देत आणि त्याच जीपमध्ये बसून आदिलाबादच्या बाजाराला जात.

भीमजयंतीला रामाजीने टेपवर आपली गाणी लावून गावभर जीप फिरवली.

दुसऱ्या सकाळी त्याची आई छाती धरून बसली. जीप सुरू होईना. तो पाराकडे धावला.

"चंपतराव, धक्का द्या जी. मायले दवाखान्यात न्याचं हाये."

"काऊन? काल तं लय वाजत होती तुही गाडी. त्या गाण्याइलेच सांग ना ढकलाले."

कोणी उठलं नाही. घरापुढच्या चढावर जीप रामाजी आणि त्याच्या बायकोच्याने हलली नाही.

आई गेल्यानंतर मेकॅनिकला दोष सापडला. टेपच्या अॅम्प्लिफायरला वायर थेट बॅटरीवरून दिलेली होती. चावी काढली तरी तो आतल्या आत चालूच राहायचा.

वायर बदलल्यावर दुसऱ्या सकाळी रामाजीने चावी फिरवली. जीप लगेच सुरू झाली. आवाज ऐकून पारावरची माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन उठली.