निम्मा वायू

कुरणात गुडघे टेकून ताज्या, वाफाळत्या शेणावर डबा पालथा घालायचा आणि निघणारा वायू मोजायचा, यात संशोधकबुवांची तीन वर्षं गेली. शेजारच्या देशात त्यांच्या सहकारी बाई हेच करायच्या, पण तिकडचं शेण मेलं निम्माच वायू सोडायचं! तिथल्या गवताचे गोडवे गाणारा चाळीस पानी प्रबंध बुवांनी बायकोला दोनदा वाचून दाखवला. छापायला धाडण्याआधी सहज फोन लावला, "बाई, तुम्ही गाईंना खायला घालता तरी काय?"

 

"वेगळं काही नाही हो, सर. तुमच्याच सूचनापत्रात होतं ना, 'हात स्वच्छ ठेवा'? म्हणून शेण खडखडीत वाळलं की मगच आम्ही डबा ठेवतो."