मागचा पट्टा

दातांची डॉक्टर असलेल्या ताईने साठीला आपली एक हौस पुरवून घेतली. परदेशात लाल स्पोर्ट्‌स कार भाड्याने घेतली आणि धाकट्या बहिणीला शेजारी बसवून ती घाटाला लागली.

पहिल्याच वळणावर गाडी टुंग टुंग करू लागली. समोर अक्षरं उमटली : मागच्या प्रवाशाने पट्टा लावावा.

"मागचा प्रवासी? या गाडीला मागे सीटच नाही!" ताई करवादली. दोघींच्या पाठीमागे नुसता पत्रा होता.

धाकटीने गाडीवाल्याला फोन केला. "बंद करून चालू करा," तो म्हणाला. तीनदा केली. बॅगा काढून परत ठेवल्या. खिंड आली, बर्फाची शिखरं आली, टुंग टुंग काही थांबेना.

"जन्मभर ड्रिलची घरघर ऐकली, आता जरा निवांत म्हणून आले तर हे!"

"मी म्हणत होते, आगगाडीने जाऊ."

"तू गप्प बस. डोकं उठलंय माझं."

दुसऱ्या खिंडीच्या चढावर ताईचा संयम सुटला. स्टिअरिंगवर हात आपटून ती ओरडली, "अरे, जो कोण असशील तो, लाव ना एकदाचा पट्टा!"

मागे खट्‌कन आवाज झाला. टुंग टुंग थांबलं.

धाकटीने स्वतःचा पट्टा चाचपला. तो मघापासून लावलेलाच होता. "ताई, मागे बघू नकोस," ती कशीबशी म्हणाली.

ताईने बघितलं नाही. रस्ता अरुंद होता, शेजारी दरी होती. तेवढ्यात तिच्या सीटच्या पाठीला दोन गुडघे टेकले. मागे कुणीतरी सावकाश, ऐसपैस बसत होतं.