बाजू दोन, शेवटचं गाणं

"सीडीवाल्यांनी खुशाल गाळलं हो ते गाणं! त्यांच्या बापाचं काय जातंय?" प्लेअरची सुई पुसत सुश्रुत म्हणाला.

"जुनं कशाला उकरायचं? अनन्याला नवी गाणी लाव की," पंकजामावशी नातीकडे बघत म्हणाल्या.

पंकजामावशी म्हणजे त्याची सावत्र आई. सख्खी आई, सुचित्रा, तो दोन वर्षांचा असतानाच गेली. संगमनेरच्या शाळेत ती गाणं शिकवायची, आणि 'अंगणातली गाणी' या रेकॉर्डवर कोरसमध्ये गायली होती. पण शेवटची अंगाई तिची एकटीची, असं दादा सांगायचे. दादा म्हणजे त्याचे वडील. तेही आता नव्हते. आईचा आवाज म्हणून त्याच्याजवळ जे काही उरलं होतं, ते त्या अंगाईत होतं.

लहानपणी तो मावशींना जवळ फिरकू द्यायचा नाही. झोपायच्या वेळी रडून घर डोक्यावर घ्यायचा. मग दादा दिवा मालवायचे आणि शेजारच्या खोलीत रेकॉर्ड लावायचे. सगळ्यात शेवटी अंगाई यायची. 'प्रवरामाई, हळू वाहा गं, सोनं माझं निजलं...' यातल्या 'माझं'वर आवाज हमखास अडखळायचा. तिथपर्यंत सुश्रुतचे डोळे मिटलेले असायचे. उन्हाळ्यात मावशी पारनेरला माहेरी गेल्या, की त्याला घर कसं मोकळं मोकळं वाटायचं. पण मेली सुईही तेव्हाच बिघडायची.

पुढे घर बदलताना रेकॉर्ड फुटली. सीडी निघाली तेव्हा तो धावत जाऊन घेऊन आला, तर तिच्यात अंगाईच नाही! आवाज अडखळतो म्हणून गाळली असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. तेव्हापासून जुनी रेकॉर्ड शोधणं काही सुटलं नाही. बायको म्हणायची, खूळ लागलंय.

आणि परवा राहुरीहून जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आसारामचा फोन आला. "साहेब, घावली तुमची रेकॉर्ड! कव्हर न्हाई, अक्षरं उडाल्यात, पन वाजतीय लई झ्याक."

आता ती प्लेअरवर फिरत होती. पहिली बाजू संपली. सुश्रुतनं जपून रेकॉर्ड उलटली. मावशी उठल्या.

"बसा ना. आता येईलच."

"दूध बघते," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

दुसरी बाजू सरत आली. सीडीतलं शेवटचं गाणं आलं आणि संपलं. सुश्रुतनं श्वास रोखला. सुई नुसती खरखरत राहिली.

त्यानं सुई मागे नेली. पुन्हा तेच गाणं, पुन्हा खरखर. सीडीत होतं तेवढंच, तसंच. वर एक ओळसुद्धा नाही.

"बाबा, आजीचं गाणं कधी लागणार?" अनन्यानं विचारलं.

दादा खोटं कसं बोलतील? आणि त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकली होती ना, रोज! आई आज पुन्हा एकदा गेली, असं वाटून त्याला रडू कोसळलं. चाळिशीचा बाप्या लहानपणीसारखा हुंदके देऊन रडू लागला. पोरगी घाबरून बघत राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला. म्हातारा, धाप लागलेला.

'प्रवरामाई, हळू वाहा गं, सोनं...'

आणि पुढच्या शब्दावर तो अडखळला.