आठ वेळा नापास

“हेही नापास.” गिरिजाताईंनी अहवाल मयुरेशसमोर सरकवला. “आम्लात वीस मिनिटं टिकलं. मला चाळीस हवीत.”

“ताई, नियमात वीसच आहेत.”

“असतील. मला चाळीस हवीत.”

मयुरेश दातओठ खात बाहेर पडला. चंडीगडच्या त्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारे दोघंच. चाचणी विभागाच्या प्रमुख आपल्याकडच्या, म्हणजे सांभाळून घेतील, असं त्याला सुरुवातीला वाटलं होतं. झालं उलटंच. त्याचं एन्झाइम त्यांनी आठव्यांदा परत पाठवलं होतं.

काही मुलांच्या शरीरात जन्मतःच एक एन्झाइम नसतं. दूध, डाळ, अंडी, इतरांना जे पोसतं तेच त्यांच्या मेंदूला हळूहळू घातक ठरतं. त्या एन्झाइमचं काम पोटातच उरकणारी गोळी मयुरेशला बनवायची होती. पण पोटातल्या आम्लात एन्झाइम पुरेसा वेळ तग धरत नव्हतं.

आधी त्याने संगणकावर त्याची रचना अभ्यासून नेमके बदल केले. ते पुरले नाहीत. मग त्याने दुसरी वाट धरली. जनुकात वाटेल तसे हजारो बदल घडवायचे, त्यातून तयार होणारी एन्झाइमं आम्लात घालायची, तगतील तेवढी उचलायची आणि त्यांच्यावर पुन्हा तेच. अशा आठ फेऱ्या झाल्या होत्या.

“मॅडम को तेरा प्रोजेक्ट बंद करवाना है,” शेजारच्या टेबलावरचा रघुवीर म्हणाला. “छोड़ यार, मोहाली में नौकरियों की कमी है क्या?”

“साइन तो उन्हीं से करवाऊंगा. पक्का.”

मयुरेशने नववी फेरी सुरू केली. मनीमाजऱ्यातली भाड्याची खोली त्याला आता फक्त पाठ टेकण्यापुरती उरली. तीन महिन्यांनी त्याने नवी कुपी गिरिजाताईंच्या हातात ठेवली.

या वेळी त्यांनी मदतनिसांना हात लावू दिला नाही. अकरा दिवस त्या स्वतः चाचण्या घेत होत्या. आम्ल वाढवलं, तापमान वाढवलं, दूध मिसळलं, डाळीचं पाणी मिसळलं. जणू कुठूनतरी खोट काढायचीच, असा पण केला होता.

बाराव्या दिवशी त्यांनी मयुरेशला बोलावलं.

“पंचेचाळीस मिनिटं,” त्या म्हणाल्या आणि सही केली. “छान झालंय. उद्यापासून मी इथे नसेन. संचालकांना पत्र दिलंय.”

इतक्या महिन्यांची खदखद मयुरेशच्या ओठांवर आली. “माझं काम पास झालेलं बघवलं नाही, म्हणून?”

पत्राची प्रत त्याच्यापुढे ठेवून गिरिजाताई निघून गेल्या.

पत्रात दोनच ओळी होत्या.

‘मी यापुढे या औषधाची परीक्षक राहणं योग्य नाही, म्हणून राजीनामा देत आहे. मुलांवरची चाचणी सुरू होईल तेव्हा पहिलं नाव माझ्या मुलीचं, निधीचं, घ्यावं ही विनंती.’