समोरचा जिना

१९६४ साली मुंबईच्या फोर्टातल्या कमानींच्या एका जुन्या व्यापारी इमारतीत कुमुद टायपिस्ट म्हणून लागली. पहिल्याच दिवशी ती समोरच्या सागवानी जिन्यावर पाय ठेवते तोच मालक जगमोहनशेठ सगळ्यांदेखत गरजले, "ए बाई, हा जिना गिऱ्हाइकांचा! नोकरांनी मागून यायचं." मागचा लोखंडी जिना संडासाला लागून होता. कुमुद तिथून नाक दाबून वर्षानुवर्षं चढली.

पुढे ती शिकून वास्तुविशारद झाली. तीसेक वर्षांनी म्हातारे शेठ इमारत पाडून टॉवर बांधायला निघाले, तेव्हा जुनी इमारत पाडायला परवानगी देणाऱ्या हेरिटेज समितीत नेमकी तीच होती.

"कुमुदताई, या जुन्या सांगाड्यात काय ठेवलंय?" शेठ अजिजीने म्हणाले.

"असा जिना मुंबईत दुसरा नाही, शेठ. इमारत राहणार. आणि डागडुजी होईपर्यंत हा जिना बंद."

"मग मी वर जाऊ कसा?"

"मागून यायचं."

डागडुजीवर देखरेख समितीतर्फे तिचीच होती; सुतारांनी आणलेलं प्रत्येक लाकूड कुमुदने 'जुन्यासारखं नाही' म्हणून परत पाठवलं. गुडघे धरून मागच्या जिन्याने चढता चढता शेठ थकले आणि डागडुजी संपायच्या आतच वारले. जिना उघडला त्या दिवशी कुमुद सगळ्यांदेखत, कठड्यावर हात फिरवत, सावकाश वर गेली.