बाटलीतला संसार

"काका, तिच्या फळमाश्यांच्या बाटल्या आज टाकाव्या लागतील. जागा हवीय," प्रयोगशाळेत पोरीचे पीएच.डी.चे गाइड म्हणाले.

"याच माश्यांपायी रविवारी पहाटे बोलावलंत ना तिला?"

"नव्या माद्या सकाळीच नरांपासून वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर प्रयोग वाया जातो."

"खड्ड्यात स्कूटर जाऊन माझी पोर वाया गेली. त्याचं काय?"

बापानं एक बाटली उचलली. घरी जाऊन दगडावर आपटायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पण घरी पोचताच आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली नि पोरीच्या फोटोपुढं ठेवली. आत एक नर पंख थरथरवत मादीमागं हिंडत होता. "पोरीचं लग्न राहिलं, नि या मेल्यांची घाई बघा!" आई रडता रडता हसली. मग बापाला बाटली फोडवेना.

तिन्हीसांजेला आईनं रोजच्यासारखा फोटोपुढं धूप लावला. धूर बाटलीच्या तोंडाला लावलेल्या कापसाच्या बोळ्यातून आत शिरला आणि माश्या पटापट खाली पडल्या. ज्याला त्या मारायच्या होत्या, तोच बाप बाटली हलवत ओरडत सुटला, "ऊठ की गं! ऊठ!"

एकही उठली नाही. काचेवरून पांढऱ्या अळ्या तेवढ्या वर चढत होत्या. त्यांना पंख फुटले की नव्या बाटलीत, नव्या खाण्यावर हलवायचं असतं, असं पोर जेवताना सांगायची. कसं हलवायचं, ते दोघांनीही तिला कधी विचारलं नव्हतं.